देवगडच्या घरातली ओल: 2025 च्या पावसाळ्यातलं एक प्रकरण

2025 साली 25 मे रोजी मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. सरी त्याआधी चार-पाच दिवसांपासूनच कोसळत होत्या. आमच्याकडे पावसाचा हिशेब मृगापासून धरतात, म्हणजे 7 जूनच्या आसपास. त्यामुळे मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा हा घराचा असतो. कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, पडवीला झडपा बांधायच्या, गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्यायचं. आम्ही त्यात एक काम जादा धरलं होतं: आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खोलीची मागची भिंत खरवडून तिला चुना लावायचा. चुन्याची कळी आणून ठेवली होती, गवंडी 26 तारखेला येणार होता. यातलं काहीच झालं नाही. घर तयार नसताना पाऊस आत आला आणि तीन महिने मुक्कामाला राहिला.

त्या तीन महिन्यांत आम्ही काय केलं, काय चुकलं आणि कशाने फरक पडला, ते सगळं लिहून काढते आहे. नैसर्गिक स्वच्छतेबद्दल जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं कोरड्या हवेतल्या घरांना धरून असतं. लिंबू, सोडा, व्हिनेगर या वस्तू इथेही त्याच असतात. पण पुसलेली फरशी पंधरा मिनिटांत सुकते, हे जे त्यात गृहीत धरलेलं असतं, ते कोकणात जुलैमध्ये खरं ठरत नाही.

घर देवगड तालुक्यातलं, जांभ्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर. मागच्या बाजूला दहा बाय बाराची एक खोली, तीच आईंची. बाकी भिंतींना जुना चुन्याचा गिलावा आहे. मागच्या खोलीला मात्र दहा-बारा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक पेंट मारला होता, दिसायला छान आणि पुसायला सोपा म्हणून. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा आणि शहाबादी फरशी. घरात माणसं तीन: आई, माझा नवरा आणि मी.

आईंचं वय 79. दमा जुना आहे. जूनच्या मध्यापासून त्यांची झोप मोडू लागली. रात्री दोन-अडीचला खोकल्याची उबळ यायची आणि उशा लावून बसायला लागायचं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: फिनेल आणि उग्र वासाचं सगळं बंद करा, आणि खोलीतली बुरशी घालवा. सांगायला दोन्ही सोप्या, पण एकमेकींच्या आड येणाऱ्या. बुरशी घालवायला गावात जो तो ब्लीचिंग पावडरच वापरतो, आणि तिच्या वासाने आईंचा श्वास तिथल्या तिथे अडकतो. म्हणून आम्ही घरगुती वस्तूंकडे वळलो.

पहिले पंधरा दिवस

सुरुवात मी मोठ्या उत्साहाने आणि चुकीच्या टोकाकडून केली. घरात बायोएन्झाइमचा डबा होता. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं, हे त्याचं प्रमाण. आमचं मिश्रण जेमतेम दीड महिन्याचं होतं. मी ते बादलीत जरा सढळ हातानेच घातलं आणि रोज दोन वेळा फरशी पुसू लागले. वास छान यायचा. आठव्या दिवशी पायाला फरशी चिकट लागू लागली, भिंतीकडेने मुंग्यांची रांग लागली, आणि कपाट ओढून पाहिलं तर खाली पांढरी लव धरलेली. गूळ पुरता आंबला नव्हता. उरलेली साखर मी रोज फरशीवर पसरत होते, आणि बुरशीला लागतं तरी काय? साखर आणि ओल. दोन्ही माझ्याच हाताने मिळत होतं.

दुसरी चूक ओट्यावर झाली. कडाप्पा काळाभोर दिसत असला तरी तो चुनखडीचाच दगड आहे. शहाबादीही तीच जात. आम्ल लागलं की चुनखडी विरघळते. मी अर्धं लिंबू मीठ लावून ओट्यावर घासलं आणि पाच मिनिटं तसंच ठेवलं. धुतल्यावर तिथे पांढुरके, खरखरीत डाग उमटले. ते आजही आहेत. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतलं काहीही कडाप्पा, शहाबादी, संगमरवर किंवा चुन्याच्या गिलाव्यावर नेऊ नका. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ओटा वाचला असता.

तिसरी गोष्ट व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची. फसफस पाहून वाटतं की मळ निघतोय. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हातात मिठासारखा एक क्षार व बरंचसं पाणी उरतं. दोन्ही वेगवेगळे वापरले तर कामाचे आहेत, एकत्र केले की वाया.

आणि एक चूक होता होता राहिली, ती सगळ्यांत गंभीर. पावसाळ्यात विहिरीत टाकायला घरात ब्लीचिंग पावडर असते, ती असायलाच हवी. न्हाणीत त्या पावडरचं पाणी सांडलेलं होतं आणि मी तिथेच व्हिनेगर ओतायला निघाले होते. या दोहोंतून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो धडधाकट माणसाला भारी पडतो, दमेकऱ्याला तर जीवघेणा ठरेल. नवऱ्याने हात धरला. तेव्हापासून ती पावडर विहिरीजवळच्या खोपीत झाकणाच्या डब्यात असते आणि व्हिनेगरची बाटली फडताळात.

आई हे सगळं खाटेवरून बघत होत्या. एके सकाळी मी पुन्हा बादली घेऊन आले तेव्हा म्हणाल्या, "पाणी कित्याक वततंस गो? पावसात घर धुवूचा नसता, सुकवूचा असता." मी बादली तिथेच ठेवली.

पाणी येतं कुठून

मग आम्ही साबणाचा विचार सोडून पाण्याचा माग काढायला बसलो. आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र मागवलं, काही शे रुपयांचं. माजघरात आकडा 85 ते 90 च्या मध्ये असायचा, आईंच्या खोलीत सतत 90 च्या वर. बुरशीला साधारण 80 टक्क्यांच्या वरची ओल काही दिवस सलग मिळाली की ती धरते. म्हणजे पुसून काढलेली बुरशी परत येणार हे ठरलेलंच होतं.

पहिला शोध कपड्यांचा. बाहेर वाळत नाहीत म्हणून आम्ही सगळे कपडे आईंच्याच खोलीत दोरीवर टाकून पंखा लावत होतो. एके दिवशी नवऱ्याने पिळलेले कपडे आंब्याच्या काट्यावर तोलले, सुकल्यावर पुन्हा तोलले. फरक अडीच किलोचा. म्हणजे अडीच लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत गेलं. आता हिशेब बघा. 27 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत फार तर 26 ग्रॅम बाष्प मावतं. ती खोली सुमारे 30 घनमीटरची. म्हणजे हवा काठोकाठ भरली तरी तिच्यात पाऊण लिटरच्या आसपासच पाणी राहील, आणि ती मुळात भरलेलीच असते. मग उरलेलं पाणी जातं कुठे? थंड भिंतीत, गादीत, कपाटातल्या साड्यांत. दमेकरी माणसाच्या उशाशी आम्ही रोज अडीच लिटर पाणी हवेत सोडत होतो आणि बुरशीला दोष देत होतो. त्याच संध्याकाळी दोरी पुढच्या पडवीत गेली, झडपांच्या आडोशाला. तिथे कपड्यांना दोन-दोन दिवस लागतात. लागू देत.

दुसरा शोध भिंतीबाहेरचा. मागच्या बाजूच्या पागोळ्या जोत्यापासून जेमतेम हातभर अंतरावर पडत होत्या आणि तिथली माती उताराने भिंतीकडेच आली होती. उडणारे शिंतोडे चिऱ्यांत मुरत होते. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो. चुन्याच्या गिलाव्याची भिंत प्यालेलं पाणी उघडीप मिळाली की सोडते. सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंटने ती वाट बंद झाली होती, म्हणून पाणी रंगाच्या मागे साचून फुगे धरत होतं आणि त्या फुग्यांवर काळे ठिपके. रंगाच्या वरून काहीही पुसलं तरी आत हात पोचणार नव्हता. पावसातच इरलं घेऊन नवऱ्याने आणि वाडीतल्या एका गड्याने मागे चर खणला, माती उलट उताराची केली आणि पागोळ्या पडतात तिथे फुटक्या कौलांचे तुकडे व खडी पसरली, म्हणजे शिंतोडा उडत नाही. सगळ्या प्रकरणात सर्वाधिक फरक कशाने पडला असं विचाराल तर या चराने. त्यात ना रिठा होता, ना लिंबू.

तिसरी गोष्ट आईंनीच सांगितली. पूर्वी चूल रोज पेटायची तेव्हा माळ्यावरचं बियाणं, सोलं म्हणजे सुकवलेली कोकमं, सुकी मासळी काहीच सर्दत नसे. गॅस आला आणि माळा कुबट झाला. यात खरंच तथ्य आहे. 26 अंशांची 95 टक्के ओलसर हवा नुसती 3 अंशांनी तापली तर आकडा 80 च्या जवळ येतो, बाष्प तेवढंच राहून. चूल घर कोरडं ठेवत होती ती ऊब देऊन. पण चुलीचा धूर आता आईंना चालणार नाही. काहींनी सुचवलं तशी निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवणं तर मुळीच नाही, त्यातून सुटणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. आम्ही कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, खालच्या कप्प्यात जाळीच्या पिंजऱ्यात 40 वॉटचा साधा पिवळा दिवा लावला आणि दाराला चार बोटं फट ठेवली. कपड्यांना दिवा लागणार नाही एवढं अंतर राखलं. घरात कुणी नसेल तेव्हा तो बंद.

मिठाच्या वाट्यांचं मला बऱ्याच जणींनी सांगितलं. मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या वर पाणी धरू लागतं, म्हणूनच पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. बंद पेटीत वाटीभर मिठाने थोडा फरक पडतो. उघड्या खोलीत नाही, बाहेर तर आख्खा समुद्र आहे. ओल शोषणारं विजेचं यंत्र घ्यावं का, यावरही आम्ही बोललो. जुलैत इथे दिवसाचे कित्येक तास वीज नसते म्हणून घेतलं नाही. पण ज्यांच्याकडे वीज टिकते आणि घरात दमेकरी आहे, त्यांनी एका खोलीपुरतं तसं यंत्र घेतलं तर मला तो पर्यावरणाचा द्रोह वाटत नाही. बाटल्याच्या बाटल्या रसायनं ओतण्यापेक्षा ते बरं.

मग स्वच्छता

हे झाल्यावर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्वच्छतेला खरी सुरुवात झाली. तेव्हा त्याच नैसर्गिक वस्तू कामाला आल्या, ज्या जूनमध्ये फसल्या होत्या.

बुरशी कधीही कोरड्या फडक्याने किंवा केरसुणीने झाडू नये. तिची पूड हवेत उडते आणि श्वासात जाते. आईंना दोन दिवस ओटीवर झोपवलं, मी तोंडाला मास्क बांधला आणि जुन्या सुती साडीचे तुकडे व्हिनेगरमध्ये बुडवून लाकडी कपाट, खाट, खिडकीची चौकट पुसली. पाणी न घालता, बाटलीतलं तसंच. तासभर ठेवून साध्या पिळलेल्या फडक्याने एकदा, मग कोरड्याने एकदा. वापरलेले तुकडे चुलीत. प्रत्येक जातीची बुरशी व्हिनेगरला दाद देते असं नाही. दोन ठिकाणी ती दहा दिवसांनी परत आली, तिथे पुन्हा पुसलं. चौकटीवर काळे डाग राहिलेत, ते लाकडात उतरलेत. डाग राहणं आणि बुरशी जिवंत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

फरशीला रिठे. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी उकळून कुस्करून गाळायचं. रिठ्यात साबणासारखा फेस करणारी द्रव्यं असतात, तेलकटपणा निघतो, दगडाला काही होत नाही, वास म्हणावा तर नाहीच. पण इथल्या हवेत ते पाणी दोन दिवसांत आंबतं, म्हणून बाटल्या भरून ठेवायचा मोह टाळायचा. आठवड्यातून दोनदाच, घट्ट पिळलेल्या फडक्याने, आणि तेही उघडीप असेल त्या दिवशी. पुसून झालं की लगेच कोरडं फडकं आणि पंखा. एरवी नुसती केरसुणी. पाऊस धो धो चालू असताना फरशी पुसायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि पाहुणे आले तरी मोडला नाही.

न्हाणीत आणि संडासात वेगळा प्रश्न होता. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह असतं, त्याचे तांबूस-पिवळे ओघळ पांढऱ्या भांड्यावर बसतात. ब्लीचिंगने ते आणखी पक्के होतात. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, दोन चमचे कोमट पाण्यात, अर्धा तास, मग काथ्याने घासायचं. चिनी मातीवर ते चालतं. खालच्या शहाबादीवर थेंब पडू द्यायचा नाही.

पायऱ्यांवरचं आणि खळ्यातलं शेवाळ मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, म्हातारं माणूस तिथेच घसरतं. त्यासाठी कुठलंही द्रावण वापरलं नाही. फावड्याने खरवडलं, बंबातलं उकळतं पाणी ओतलं, जाडसर रेती टाकून खराट्याने घासलं. दर पंधरा दिवसांनी. पाठ दुखते, पण त्याला दुसरा मार्ग मला सापडला नाही.

भांड्यांवर मात्र मी रमले, हे कबूल करते. 27 ऑगस्टला गणपती, त्याआधी समया, कलश, ताम्हण, घंगाळं सगळं उजळायचं. खाऱ्या हवेत तांब्या-पितळेवर चार दिवसांत काळपटपणा चढतो. गेल्या वर्षीची सोलं, जी आमटीत घालायला जुनी झाली होती, ती कोमट पाण्यात भिजवून त्याच गराने घासली. कोकमातलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं आणि खालचा गुलाबी तांबूस रंग असा उमलतो की बघत राहावं. मग चाळलेली राख नारळाच्या सोडणाने, म्हणजे राहिलेलं आम्लही मरतं. मग पाणी, मग लगेच कोरडं. पाण्याचा एक थेंब राहिला तर दुसऱ्या दिवशी तिथे हिरवट ठिपका ठरलेला. राख अॅल्युमिनियमला लावू नये, ते काळं पडतं. आई ओटीवर बसून समया पुसायच्या, फडकं हातात आणि नजर माझ्यावर. एकेक समई पुसून झाली की परत उजेडात धरायच्या.

नैसर्गिक म्हणून जे आम्ही मुद्दाम वापरलं नाही तेही सांगायला हवं. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, ऊद, कापूर, निलगिरीचं तेल. हे सगळं घरोघरी शुद्धीसाठी करतात. पण धूर हा धूरच, आणि उग्र वास हा उग्र वासच, मग तो झाडातून आला तरी. आईंना कापराच्या वासाने फिनेलइतकीच उबळ येते. गणपतीच्या आरतीलाही आम्ही कापूर पडवीत लावला आणि आईंना आत माजघरात बसवलं. पहिल्या दिवशी त्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खुर्ची आत सरकवायला सांगितली.

काय झालं, काय राहिलं

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून आईंच्या खोलीत आकडा बहुतेक दिवस 80 च्या खाली राहू लागला. मुसळधार पावसात तो वर जायचाच. खोलीत शिरताच येणारा कुबट वास गेला. आईंची रात्रीची उबळ रोजची होती, ती आठवड्यातून एक-दोनदा यायला लागली. यात डॉक्टरांनी बदललेल्या औषधाचा वाटा आहेच. दम्याचं औषध ओढायचा पंप त्यांनी एक दिवसही सोडलेला नाही, आणि कुणी सोडूही नये. स्वच्छतेने दमा बरा होत नाही. चिथवणारं कारण काढता येतं, तेवढंच आम्ही काढलं.

भिंतीचं खरं काम दिवाळीनंतर झालं. नोव्हेंबरात गवंड्याने प्लॅस्टिक पेंट आणि सिमेंटचा गिलावा जांभ्यापर्यंत खरवडून काढला, भिंत तीन आठवडे उघडी ठेवून सुकवली, आणि चुना-वाळूचा गिलावा केला. वर चुन्याचे तीन पातळ हात. कळी भिजवताना पाणी उकळतं आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, त्यामुळे ते काम गॉगल लावून आणि लांब दांड्याने. ताजा चुना इतका तीव्र अल्कली असतो की त्यावर बुरशी धरत नाही. पण हवेशी संबंध येऊन तो हळूहळू खडूसारखा होतो आणि ही ताकद ओसरते, म्हणून दर वर्षी नवा हात द्यायचा. पूर्वी दिवाळीआधी घरं चुन्याने पांढरी करत ती नुसती शोभा नव्हती. चिकटपणासाठी चुन्यात डिंक किंवा भाताची पेज घालतात, ती मी घालू दिली नाही. बुरशीला पुन्हा जेवण नको. त्यामुळे हाताला थोडी पांढरी पूड लागते, आईंच्या लुगड्यालाही लागते.

ईशान्येच्या कोपऱ्यात, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, ताटाएवढा एक ओला डाग डिसेंबरातही सुकला नाही. बाहेरून चर आहे, कौल शाबूत आहे, तरी तो आहे. गवंड्याचं म्हणणं, शेजारच्या माडाची मुळं जोत्यात शिरली आहेत आणि पाणी त्या वाटेने चढतंय. जोतं तिथे उघडून बघायचं ठरलं आहे. या वेळी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच, मृगाची वाट न पाहता. कळीची दोन पोती माळ्यावर आहेत, जमिनीपासून उंच, प्लॅस्टिकमध्ये बांधून.